खंडेनवमीला काढलेली जाळी

"मेस्त्री, परत एकदा म्हणा बघू," नाईकनवरे वकील म्हणाले.

मी परत म्हटलं, "एकादशीला सकाळी मी जाळी बसवली. चारी नट आवळले. म्होरं काय झालं ते मला म्हाईत न्हाई."

"'म्होरं काय झालं' नको. त्यात फट राहते. 'त्यानंतर जाळी कुणी काढली ते मला माहीत नाही,' असं म्हणायचं. आणि सावकाश. घाई केली की माणूस खोटं बोलतोय असं साहेबांना वाटतं."

खोटं बोलतोय असं वाटतं म्हणे. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पण ते चष्मा पुसत होते. वकिलांना असल्या गोष्टींचं हसू येत नसावं, नाहीतर त्यांचा दिवसच जाणार नाही.

सांगलीच्या कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात एका बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. वकील, आमचे मालक दिनकरराव आणि मध्ये मी. मार्च महिना होता, साडेअकरालाच पत्रा तापून वास सुटला होता. या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी अठ्ठेचाळीसचा होतो आणि कुपवाडच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये फिटर होतो. मोटारपंपाला लागणारे पत्र्याचे भाग आम्ही प्रेसखाली दाबून काढायचो. कारखान्याचं नाव घेत नाही. तो आता राहिला नाही आणि मालकही राहिले नाहीत. बावीस माणसं होती, त्यात नऊ बायका. सगळ्या मशिनींचा वैद्य मी, म्हणून मला नावानं कुणी हाक मारत नसे. भूपाल मगदूम हे माझं नाव कोर्टाच्या कागदावर वाचलं तेव्हा हा कोण गृहस्थ, असं मलाच क्षणभर वाटलं.

दीड वर्षापूर्वी तीन नंबरच्या प्रेसखाली विमल कोष्टीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. तिनं भरपाईचा दावा लावला होता. कायदा तसा कामगाराच्या बाजूचा. कामावर इजा झाली की मालकानं भरपाई द्यायची, चूक कुणाची हे फारसं विचारत नाहीत. पण त्यात एक पळवाट आहे. कामगारानं सुरक्षेची जाळी मुद्दाम स्वतःच काढली असेल, तर मालक सुटतो. नाईकनवऱ्यांनी ती पहिल्याच दिवशी हेरली. अपघाताच्या वेळी मशीनवर जाळी नव्हती हे तर बावीस जणांनी पाहिलेलं. मग ती काढली कुणी, एवढाच प्रश्न उरला. जाळ्यांचं सगळं काम माझ्याकडे. मी "बसवली होती" म्हटलं की ती विमलनं काढली हे आपोआप ठरणार होतं, आणि बाईला एक पैसाही मिळणार नव्हता. दोन्ही बाजूंच्या कागदांचा गठ्ठा वीतभर झाला होता, आणि तो सगळा माझ्या एका वाक्यावर येऊन टेकला होता.

सकाळी निघताना बायकोला विचारलं होतं, काय सांगू म्हणून. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी काय सांगू? मीठ खाल्लंय मालकाचं, ते बी खरं. आन ती पोर बी आपल्याच गल्लीतली. रातच्याला चार घास नीट खाशीला असं काय ते सांगा म्हंजे झालं." दीड वर्षात माझं जेवण कमी झालं होतं, ते तिनं असं सुनावलं.

जिन्यावर चपला वाजल्या आणि विमल वर आली. बरोबर तिच्या वकील, शिरगुप्पे बाई. काळा कोट जरा मोठाच होता त्यांना, थोरल्या बहिणीचा घातल्यासारखा. नाईकनवरे त्यांना 'ती मुलगी' म्हणत.

विमल बुधगावची, आमच्या घरापासून पाचवं दार तिचं. नवऱ्याच्या यंत्रमागावरच्या कमाईत भागेना, दोन पोरी, म्हणून एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणाली होती, "मामा, मला बी कुठं तरी लावा की." मीच तिला आणून प्रेसवर बसवलं. हात चलाख होता तिचा. नववी शिकलेली होती, अक्षर सुरेख, पगाराच्या कागदावर इतर बायका अंगठा उठवायच्या आणि ही लफ्फेदार सही करायची. आता उजवा हात पदराखाली होता आणि कोर्टाच्या कागदांवर ती डावा अंगठा उठवत होती. अपघातानंतर मी गल्लीत पुढून शिरायचं सोडलं होतं. शाळेच्या कुंपणाकडून वळसा घालून घरी जायचो.

ती आमच्या बाकापाशी थांबली. नाईकनवऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे बोलू नका.

"मामा, जेवून आलायसा न्हवं? हितं लई वेळ लागतोय," ती म्हणाली.

"व्हय, जेवून आलोय."

जेवलो नव्हतो. त्या दिवसातलं खोटं तिथूनच सुरू झालं.

ती पुढं जाऊन पलीकडच्या बाकावर बसली. दिनकरराव एकदम उठले. "मेस्त्री, चला, चा घेऊ. आपला नंबर यायला अजून अर्धा तास हाय."

खाली टपरीपाशी त्यांनी दोन चहा सांगितले आणि स्वतःचा घेतलाच नाही. दिनकरराव वाईट माणूस नव्हते. हे मी आज त्यांच्या माघारी सांगतोय, तेव्हा खरं धरायला हरकत नाही. स्वतः लेथवर काम करून वर आलेले. कामगाराच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला सगळ्यांत आधी हजर. अपघाताच्या दिवशी विमलला त्यांनी स्वतःच्या गाडीत घालून मिरजेला नेलं होतं. अंगातला शर्ट काढून तिच्या हाताला गुंडाळला होता, आणि बनियनवर दवाखान्यात संध्याकाळपर्यंत उभे होते.

"मेस्त्री, मी तुम्हाला कधी काय कमी केलंय?"

"न्हाई मालक."

"मग असं तोंड करून का बसलायसा?" ते इकडेतिकडे बघत खालच्या आवाजात म्हणाले. "मला का आवडतंय हे? पण वकील म्हणतोय, माझ्या सांगण्यावरनं जाळी ठेवली न्हवती असं कागदावर आलं, की फॅक्टरी इन्स्पेक्टर वेगळा खटला घालणार. पंपवाले काम काढून घेणार. कारखान्यावर बावीस चुली पेटत्यात. एका हातापायी बावीस चुली इझवायच्या का, तुम्हीच सांगा."

"आन तिची चूल?"

"तिला मी उपाशी ठेवणार न्हाई. कोर्टाच्या बाहेर मी तिला काय कमी पडू देणार न्हाई. शब्द हाय माझा."

तो शब्द त्यांनी पाळलाही असता कदाचित. दोन वर्षं, तीन वर्षं. माणसाला दुसऱ्याचा तुटलेला हात किती दिवस आठवतो, याचा हिशेब मला तेव्हाही करता येत नव्हता. पण बावीस चुलींचं ते खरं बोलत होते, आणि माझी पंचाईत तीच होती. मालक हलकट असता तर मी घरूनच खरं बोलायचं ठरवून निघालो असतो.

आता जाळीचं खरं काय झालं होतं ते सांगतो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आठवडाभर आधीपासून मशिनी खरवडायच्या, पुसायच्या, रंगाचा हात द्यायचा. नवमीला प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, आणि एकादशीला माळा उतरवून काम सुरू. प्रेसची जाळी म्हणजे जिथं वरचा ठोकळा खाली येतो, तिथं समोरून लावलेला लोखंडी पिंजरा. पत्रा चिमट्यात धरून फटीतून आत सरकवायचा. हात आत जाऊच शकत नाही. रंगवायला म्हणून दरवर्षी मी सहाही जाळ्या काढायचो. रंग नवमीपर्यंत धड वाळायचा नाही. मग जाळ्या भिंतीला ओळीनं टांगायच्या, मशिनींची पूजा तशीच विनाजाळीची करायची आणि जाळ्यांनाही भिंतीवरच कुंकू लावायचं. किती वर्षं हे चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. देवाला दाखवताना मशीन उघडं असावं, असंही एकजण म्हणाला होता.

एकादशीला सकाळी मी एक नंबरची जाळी बसवली, दोनची बसवली. तीनची खिळ्यावरून काढली आणि मालक आले.

"मेस्त्री, तीनवर पंपवाल्यांचा माल लावलाय. दिवाळीच्या आत द्यायचाय. चिमट्यानं तासाला चारशे निघत्यात, हातानं सहाशे. जाळी दिवाळीपतूर राहू दे. तवा साफसफाई असतीच, त्यात बसवा."

मी जाळी परत खिळ्याला अडकवली. हिरवागार नवा रंग, वर कुंकवाची पाच बोटं. नऊ दिवस ती तिथंच होती. नवव्या दिवशी, संकष्टीला, विमलनं पेडलवरून पाय काढला तरी प्रेसनं दुसरा ठोका मारला. जुन्या प्रेसला असा ठोका कधीमधी बसतो. जाळी असते ती त्यासाठीच.

"मेस्त्री, ऐकताय न्हवं?" दिनकरराव म्हणाले.

"ऐकतोय."

"'बसवली.' एवढाच एक शब्द. बाकीचं वकील बघून घेईल."

वरून शिपायाची हाक आली.

खोली लहान होती. वर पंखा, समोर न्यायाधीश साहेब, त्यांना बहुधा सर्दी झालेली, सारखा रुमाल नाकाला. त्यांच्या पुढ्यात टंकलेखक. मला कठड्यात उभं केलं. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, असं म्हणायला लावलं. मी म्हटलं. देवाला साक्षीला बोलावताना माझा आवाज अगदी स्वच्छ निघाला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

नाईकनवऱ्यांनी नाव, गाव, काम विचारलं. किती वर्षांची नोकरी ते विचारलं. मग जरा पुढं सरकले.

"तीन नंबरच्या प्रेसची जाळी खंडेनवमीच्या आधी कुणी काढली?"

"मी."

"कशासाठी?"

"रंगवायला. दर साली काढतो."

"आणि एकादशीला सकाळी तुम्ही ती परत बसवली. बरोबर?"

"हरकत आहे, साहेब," शिरगुप्पे बाई उठून उभ्या राहिल्या. "वकीलसाहेब उत्तरच साक्षीदाराच्या तोंडात घालतायत. पुढं काय झालं ते त्यांना स्वतःला सांगू दे."

न्यायाधीश साहेबांनी नाक पुसलं. "बरोबर आहे. प्रश्न साधा विचारा, वकीलसाहेब."

इथं माझा घोळ झाला. व्हरांड्यात मी वाक्य पाठ केलं होतं खरं, पण मनातून मी धरून चाललो होतो की वकीलच सगळं बोलतील आणि मला फक्त 'व्हय' म्हणायचं आहे. मान डोलावली तरी भागेल. जेवढं धैर्य जमवलं होतं ते त्या एका 'व्हय'पुरतंच होतं. आता सगळं वाक्य माझ्या जिभेनं उचलायचं होतं.

"ठीक आहे," नाईकनवरे म्हणाले. "मेस्त्री, रंगवल्यानंतर त्या जाळीचं काय झालं?"

टंकलेखकाची दहाही बोटं कळांवर येऊन थांबली होती. तो माझ्याकडे बघत नव्हता, नुसता वाट बघत होता. मी विमलकडे बघायचं टाळलं आणि मालकांकडे बघितलं. दिनकरराव स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते.

"भिंतीला टांगली," मी म्हणालो.

"हो, वाळायला टांगली. मग?"

"मग तशीच ऱ्हायली."

नाईकनवरे हसले. "मेस्त्री घाबरलेत, साहेब. पहिल्यांदाच कोर्टात आलेत. नीट आठवा, मेस्त्री. एकादशीला सकाळी तुम्ही—"

"हरकत आहे."

"मोठ्यानं सांगा," न्यायाधीश साहेब मला म्हणाले. "घाबरायचं कारण नाही. बसवली की नाही?"

"न्हाई साहेब. एक नंबरची बसवली, दोनची बसवली. तीनची हातात घेतली हुती. मालक म्हणाले, दिवाळीपतूर राहू दे, माल लवकर निघतोय. मी ऱ्हाऊ दिली. विमलनं जाळीला हात लावलेला न्हाई. जाळी मशीनवर न्हवतीच, तर ती काढंल कुठनं?"

कळा खडखडल्या. पाठीमागं कुणाचा तरी बाक सरकला. खोटं कशाला सांगू, आतून बरं वाटत होतं. सत्यवादी भूपाल मगदूम. गल्लीत पुढून जाता येईल, असासुद्धा विचार आला. माणूस किती लवकर स्वतःची पाठ थोपटायला लागतो.

नाईकनवऱ्यांनी तोंड वाकडंसुद्धा केलं नाही. "साहेब, साक्षीदार फितूर झालाय. मला त्याची उलटतपासणी करायला परवानगी असावी."

परवानगी मिळाली. ते कठड्याच्या इतके जवळ आले की त्यांच्या कोटाचा डांबराच्या गोळीचा वास मला येऊ लागला. आवाज मात्र पहिल्यापेक्षा मऊ होता.

"बरं, मेस्त्री, तुमचंच खरं धरू. जाळी भिंतीवर होती. म्हणजे ती मशीनवर नाही हे विमलबाईंना रोज दिसत होतं?"

"दिसत हुतं."

"हातानं पत्रा सरकवताना धोका आहे हे त्यांना समजत होतं? नववी शिकलेल्या आहेत त्या."

"समजत असंल."

"आणि तरीही नऊ दिवस त्या त्याच मशीनवर मुकाट काम करत होत्या. त्या दिवशी संकष्टीचा उपास, पोटात काही नाही, तरी करत होत्या. आता विचार करून सांगा. या नऊ दिवसांत त्यांनी एकदा तरी तुमच्याकडे जाळी मागितली? तक्रार केली?" ते थांबले आणि सावकाश म्हणाले, "त्यांच्या स्वतःच्या जबाबात तसं एक अक्षर नाही. त्यांनी तसं म्हटलेलंच नाही. तेव्हा तुम्हालाही आठवत नसेल, तर नाही म्हणा."

वकील माझ्याकडे दोर टाकत होते. त्यांना ते ठाऊक नव्हतं, मला होतं. 'नाही' म्हटलं असतं तर ते पकडणारं जगात कुणी नव्हतं. मालकाचं ऐकणारा गरीब नोकर, त्यानं शेवटी हिंमत करून खरं सांगितलं, एवढीच माझी गोष्ट झाली असती. विमलच्या माथी थोडा निष्काळजीपणा चिकटला असता, दावा कदाचित लोंबकळला असता. माझ्या माथी काही नाही.

मग मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. विनवणी नव्हती, राग नव्हता. प्रेसवर नवी आली तेव्हा मी काम दाखवताना बघायची, तसं नीट लक्ष देऊन बघत होती.

"मागितली हुती," मी म्हणालो.

नाईकनवऱ्यांनी चष्मा काढला.

"कोजागिरीच्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत. मी, लेथवालं दोघं आन चार बायका, सगळी डबा खाऊन बसली हुती. ही माझ्याकडं आली. म्हणाली, मामा, तेवढी जाळी बसवा की, मला भ्या वाटतंय, काल ठोका डबल पडला." पाणी मागावंसं वाटलं, मागितलं नाही. "मला मालकाला इचारायला जायचं न्हवतं. त्यांनी नको म्हटलेलं. जाऊन परत बोलणं खाल्लं असतं. म्हणून मी थट्टा केली साहेब. मी माझे दोन्ही हात हिच्या तोंडाम्होरं धरले. म्हटलं, हे बघ, पंचवीस वर्षं झाली, निम्मी वर्षं जाळी न्हवतीच, तरी मोज, दहाच्या दहा हायत. बोटं अशी हलवून दाखवली. सगळी हसली. ती बी हसली. आन जाऊन मशीनवर बसली."

कळांचा खडखडाट संपला. त्यातलं एक वाक्य टंकलेखकानं मला परत विचारलं. 'ती बी हसली' का 'तिला हसले'? मी परत सांगितलं.

"चार दिवसांनी तिचा हात गेला," मी म्हणालो. ते कुणी विचारलं नव्हतं, पण त्यांनी लिहून घेतलं.

नाईकनवरे जागेवर जाऊन बसले. शिरगुप्पे बाईंना न्यायाधीश साहेबांनी विचारलं, त्यांना काही विचारायचं आहे का. त्या अर्धवट उठल्या. "नाही, साहेब," म्हणाल्या आणि बसल्या.

बाहेर व्हरांड्यात दिनकरराव माझ्या शेजारून गेले, चार पावलांवर थांबले आणि परत आले. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

"उद्यापासनं येऊ नका, मेस्त्री. हत्यारांची पेटी तुमची हाय, घेऊन जावा."

"व्हय मालक."

"मला सांगितलंसा का न्हाई? तिनं जाळी मागितली हे?"

"सांगितलं असतं तर बसवा म्हणाला असता काय?"

ते वळून जिन्याकडे गेले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता, तो शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही.

निकाल चार महिन्यांनी लागला. विमलला भरपाई मंजूर झाली, व्याजासकट. फॅक्टरी इन्स्पेक्टरनं वेगळा खटला घातला, मालकांना दंड झाला, आणि साऱ्या प्रेसना अशा जाळ्या लागल्या की त्या काढल्या तर मशीनच सुरू होत नसे. कारखाना त्यानंतर अकरा वर्षं चालला. बावीसातल्या एकवीस चुली पेटत राहिल्या. माझीही विझली नाही, नुसती धूर करत राहिली. मी माधवनगरला एका गॅरेजात लागलो. हे सगळं मात्र पुढचं. त्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात नळापाशी उभा राहून तोंडावर पाणी मारत होतो.

विमल तिथं आली. शिरगुप्पे बाई कसल्यातरी नकला काढायला थांबल्या होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं आणि पदर खांद्यावरून सरकला होता. अंगठा, करंगळी आणि मध्ये गुळगुळीत कातडं. दीड वर्षात मी तो हात उघडा पहिल्यांदाच बघत होतो. तिनं तो झाकला नाही.

मी म्हणालो, "तू जबाबात हे का सांगितलं न्हाईस, विमल? मला वाचवलंस."

"तुम्हाला वाचवाय न्हाई, मामा."

ती नळाच्या कट्ट्यावर टेकली.

"बाईंनी लई येळा इचारलं. कुणाला सांगितलं हुतं का, आठव, आठव म्हणून. मी न्हाई म्हटलं. मी सांगितलं असतं आन तुम्ही हितं उभं ऱ्हाऊन न्हाई म्हटला असता, मग? बाकीची सगळी तिथंच कामाला हायत, त्यातलं कोण बोललं असतं? मी खोटी पडले असते. बोटं गेलेली सोसली. ते सोसलं नसतं."

"मग दावा का लावलास? साक्ष न्हाई, काय न्हाई."

"म्हटलं, मामा येतील. कोर्टात तरी येतील."

मी नळ बंद केला. तो नीट बंद होत नव्हता, वायसर गेलं होतं. सवयीनं मी तो दोनदा आवळून बघितला. मग म्हणालो, "माझं चुकलं गं."

हे मी या दीड वर्षात बऱ्याच जणांना म्हणून बघितलं होतं. मालक म्हणाले होते, मेस्त्री, नशिबापुढं कुणाचं चालतंय. लेथवाला म्हणाला होता, जुना प्रेस, तुम्ही तरी काय करणार. बस्तीतले, म्हणजे आमच्या जैन मंदिरातले, पंडित म्हणाले होते, ज्याचं त्याचं कर्म. बायको म्हणाली होती, तुम्ही का मुद्दाम केलंय. कुणीच ते माझ्या हातातून घेतलं नव्हतं. जो तो प्रेमानं परत माझ्याच पदरात टाकायचा. आता विमलही असंच काहीतरी म्हणेल म्हणून मी उभा होतो.

"व्हय," ती म्हणाली. "तुमचंच चुकलं."

मी मान हलवली, आणि भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांत, कट्ट्यावर तिच्या शेजारी बसून रडलो.